दोन स्टेशनांच्या मधली संख्या

गेल्या जुलैतली संध्याकाळ. नेरूळचा क्लास आटपून मी लोकलने पनवेलला परत येत होते. बाहेर धो धो पाऊस, मानसरोवर मागे पडलेलं, खांदेश्वर अजून यायचं होतं, आणि गाडी सिग्नलसाठी थांबलेली. मांडीवर बारावीच्या मुलांच्या उत्तरपत्रिका होत्या. एका गणितात ५ चं फॅक्टोरियल ताडून बघायचं होतं. फोन आडवा धरला, आणि ५ च्या आधी बोट दशांशचिन्हावर पडलं. ०.५, आणि लगेच उद्गारचिन्ह.

फॅक्टोरियल म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार. पाचाचं १२०, कारण पाच माणसांना एका बाकावर बसवायच्या १२० तऱ्हा. अर्ध्या माणसाला कसं बसवणार? पण फोनवर उत्तर होतं: ०.८८६२२६९२५. मी नुसती बघत राहिले. मग त्याचा वर्ग केला: ०.७८५३९८. हा आकडा कुठेतरी पाहिलाय, असं वाटून चारने गुणलं.

३.१४१५९.

पाय! वर्तुळाचा पाय! माणसं बाकावर बसवण्याच्या हिशेबात, शून्य आणि एकच्या मधल्या जागेत वर्तुळ लपून बसलं होतं. मी सोळा वर्षं फॅक्टोरियल शिकवते. सोळा वर्षांत एकदाही मी त्या दशांशचिन्हावर बोट ठेवलं नव्हतं.

घरी पोचले ती थेट भाच्याच्या खोलीत. तो एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, शिकायला आमच्याकडेच राहतो. ऐकून तो हसला आणि म्हणाला, "मावशी, हे ऑयलर यांनी १७२९ मध्येच पाहिलं होतं. पण तू याच्याही पुढचं बघ." आणि चौकटींची वही पुढे ओढून त्याने एक अक्षर लिहिलं: क्यू. त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. ते सगळं मला इथे सांगायचंय.

आधी मोजणीबद्दल. चारातून दोन किती प्रकारे निवडता येतात? सहा. ही एन-सी-आर आपण शाळेत इंग्रजी अक्षरांत शिकतो, पण ती आपल्याच घरची आहे. भास्कराचार्यांची 'लीलावती' शके १०७२ ची, म्हणजे इ.स. ११५० ची. तिच्यात सहा रसांचं उदाहरण आहे: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. एकेक रस घेतला तर ६ प्रकार, दोन-दोन घेतले तर १५, पुढे २०, १५, ६ आणि सगळे मिळून १. बेरीज ६३. रीत अशी की उतरत्या संख्या वर मांडायच्या, चढत्या खाली. चारातून दोनसाठी वर ४ आणि ३, खाली १ आणि २. बारा भागिले दोन, सहा. चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, अशी त्यात नोंद आहे. ही रीत आपल्या मातीत शिकवली गेली त्याला आठशेहून अधिक वर्षं झाली.

आता भाच्याचा प्रश्न. आम्ही नवीन पनवेलला राहतो. आमच्या फाटकापासून दूधडेअरीपर्यंत जायला दोन गल्ल्या पूर्वेला आणि दोन उत्तरेला. उलटं फिरायचं नाही, तर वाटा किती? चार टप्प्यांपैकी पूर्वेचे दोन कुठले ते निवडायचं, म्हणजे सहा. "बरोबर," तो म्हणाला, "पण सहाच्या सहा वाटा सारख्या आहेत का? प्रत्येक वाटेच्या खाली किती चौकोन उरतात ते मोज."

मी सहाही वाटा वहीत काढल्या. आधी पूर्वेला आणि मग उत्तरेला गेलं तर खाली एकही चौकोन उरत नाही. आधी उत्तरेला गेलं तर चारही उरतात. मधल्या वाटांखाली १, २, २ आणि ३. आता प्रत्येक चौकोनासाठी एक क्यू लिहायचा, आणि सगळ्या वाटांची बेरीज करायची:

१ + क्यू + २क्यू² + क्यू³ + क्यू⁴.

क्यूच्या जागी १ ठेवला तर ६. म्हणजे जुनं उत्तर यात आहेच, पण प्रत्येक वाटेची ओळखही टिकली आहे. आणि आता भास्कराचार्यांची रीत बघा. ४ च्या जागी १ + क्यू + क्यू² + क्यू³ लिहा. ३ च्या जागी १ + क्यू + क्यू². २ च्या जागी १ + क्यू. या झाल्या क्यू-संख्या. उतरत्या वर, चढत्या खाली, आणि भागाकार करा. मी केला. पहिल्या पदावलीतून १ + क्यू निघून जातो, १ + क्यू² उरतं, आणि गुणाकार केल्यावर तीच ओळ समोर येते, चौकोन मोजून आलेली! एका बाजूला चौकोन मोजायचे, दुसऱ्या बाजूला लीलावतीची रीत, आणि दोन्हींचं उत्तर एक. रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी वही घेऊन सगळ्या घराला दाखवत फिरत होते.

गणितात याला क्यू-प्रतिरूप म्हणता येईल. जुन्या संख्येचं असं रूप, की क्यू १ झाला की जुनी संख्या परत मिळते. एन-सी-आरचं असं रूप म्हणजे क्यू-एन-सी-आर, ती गाउस यांनी १८०८ च्या सुमारास वापरली होती. पण खरी मजा क्यूला १ सोडून दुसऱ्या किमती दिल्या की सुरू होते.

क्यू = २ ठेवा: १ + २ + ८ + ८ + १६ = ३५. हे पस्तीस कुठून आले? १८५० मध्ये थॉमस कर्कमन यांनी एक कोडं घातलं. पंधरा मुली रोज तिघी-तिघींच्या रांगा करून फिरायला जातात. सात दिवस अशा रांगा लावा की कुठल्याही दोन मुली एका रांगेत दुसऱ्यांदा येणार नाहीत. रोज पाच रांगा, सात दिवस, म्हणजे पस्तीस. एका सान्त, म्हणजे मोजक्याच बिंदूंच्या, भूमितीत एकूण बिंदूच पंधरा असतात आणि रेषा पस्तीस, आणि त्या रेषांतून हे कोडं सोडवता येतं. आमच्या दूधडेअरीच्या सहा वाटांच्या पोटात त्या पस्तीस रेषा होत्या! अशा सान्त रचनांच्या अभ्यासात आपल्याकडचं मोठं नाव म्हणजे शरच्चंद्र श्रीखंडे. मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे ते प्रमुख होते. १९५९ मध्ये बोस आणि पार्कर यांच्याबरोबर त्यांनी ऑयलर यांचं जवळपास पावणेदोनशे वर्षं टिकलेलं एक अनुमान खोटं ठरवलं.

आता क्यू = −१. बेरीज होते २. आणि क्यूच्या जागी उणे एकचं वर्गमूळ, ती काल्पनिक 'आय', ठेवली तर? १, आय, −२, −आय, १. सगळं एकमेकांत विरघळून शून्य!

याचा अर्थ बघायला कॅरमबोर्ड घ्या. चार पॉकेटं. त्यातली दोन निवडून त्यांच्यावर खूण करा. असे सहा प्रकार. आता बोर्ड पाव फेरा फिरवा. सहांपैकी किती प्रकार जसेच्या तसे दिसतील? एकही नाही. अर्धा फेरा फिरवा. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर खूण असेल तरच चित्र तसंच राहील, आणि अशा जोड्या दोनच. संमिश्र संख्यांच्या प्रतलात 'आय'ने गुणणं म्हणजे पाव फेरा, −१ ने गुणणं म्हणजे अर्धा. पाव फेऱ्याला शून्य, अर्ध्याला दोन, पूर्ण फेऱ्याला सहा. तीच पदावली तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. चौकोन मोजायला आणलेल्या क्यूला बोर्ड फिरवणं कुणी शिकवलं? रायनर, स्टँटन आणि व्हाइट यांनी २००४ मध्ये दाखवलं की हा एकट्या कॅरमबोर्डाचा योगायोग नाही, अशा उदाहरणांचं मोठं कुटुंब आहे. मी घरच्या बोर्डावर खडूने खुणा करून सहाही प्रकार फिरवून पाहिले. तुम्हीही पाहा. हाताने फिरवल्याशिवाय यातला आनंद कळत नाही.

आता परत माझ्या थांबलेल्या लोकलकडे. अर्ध्याचं फॅक्टोरियल काढायचं कसं?

समजा, पनवेलहून मुंबईला निघालात आणि किती आलो ते सांगायचंय. एक रीत म्हणजे स्टेशनं मोजायची: खांदेश्वर एक, मानसरोवर दोन, खारघर तीन. पण गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली की ही रीत मुकी होते. दुसरी रीत अशी की पनवेल ते सीएसएमटी हे सगळं अंतर घ्या आणि इथून पुढे उरलेलं त्यातून वजा करा. ही रीत कुठेही चालते, स्टेशनावर, पुलावर, दोन खांबांच्या मध्ये. अट एकच, शेवटचं स्टेशन हवं.

फॅक्टोरियलचंही तसंच. १ पासून मोजत गेलो तर पाऊल पूर्ण संख्येवरच पडणार. त्याऐवजी 'सगळा गुणाकार भागिले उरलेला गुणाकार' असं लिहिता आलं तर? साध्या फॅक्टोरियलला ते सरळ जमत नाही, कारण १ × २ × ३ × ४ ही गाडी कुठेच थांबत नाही, तिला सीएसएमटी नाही. ऑयलर यांना त्यासाठी वेगळी वाट काढावी लागली, तिला आपण गॅमा फल म्हणतो. पण क्यूच्या जगात शेवटचं स्टेशन आहे! क्यू-संख्या लिहायची दुसरी तऱ्हा अशी: १ − क्यूचा एनवा घात, भागिले १ − क्यू. क्यू ½ घेतला तर अंशातल्या गुणायच्या संख्या होतात ½, ¾, ⅞, १५/१६, अशा एकाच्या जवळ जवळ जाणाऱ्या. त्यांचा अनंतापर्यंतचा गुणाकार कुठे पळून जात नाही. तो ०.२८८८ पाशी शांत बसतो. आता उरलेल्या प्रवासाच्या गुणाकारात 'एन' फक्त घातांकात येतो. आणि घातांकात काय ठेवायचं याला बंधन कसलं? अर्धा ठेवा, उणे अर्धा ठेवा, संमिश्र ठेवा!

हे लक्षात आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

त्या रात्री क्यू = ½ घेऊन अर्ध्याचं क्यू-फॅक्टोरियल, म्हणजे क्यू-संख्यांचं फॅक्टोरियल, मी हाताने काढलं. उरलेल्या प्रवासाचे एकामागून एक गुणाकार केले: ०.६४६४, ०.८२३२, ०.९११६... डझनभर पदांनंतर गुणाकार ०.४४३५ वर स्थिरावला. ०.२८८८ ला त्याने भागलं, आणि १ − क्यूच्या छेदापायी दोनच्या वर्गमूळाने गुणलं. उत्तर आलं ०.९२१. फोनने दिलेलं साधं उत्तर ०.८८६. क्यू हळूहळू १ कडे नेला की ०.९२१ घसरत घसरत त्याच ०.८८६ ला, पायच्या वर्गमूळाच्या निम्म्याला, जाऊन मिळतं.

पण मनात शंका आली. पूर्ण संख्यांवरच्या किमतींचे ठिपके जोडणाऱ्या रेघा हजार असू शकतात, हीच खरी कशावरून? साध्या फॅक्टोरियलसाठी याचं उत्तर १९२२ मध्ये हाराल्ड बोर आणि योहानेस मोलेरुप या डॅनिश गणितज्ञांनी दिलं. हे हाराल्ड म्हणजे नील्स बोर यांचे धाकटे भाऊ, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डेन्मार्ककडून फुटबॉलचं रौप्यपदक मिळवलेले. फॅक्टोरियलचा नियम पाळणारी, १ ला १ देणारी आणि लॉगॅरिथम घेतल्यावरही कुठे उलटा बाक न घेणारी रेघ एकच असते, हे त्यांनी सिद्ध केलं. क्यू-फॅक्टोरियलची रेघ, म्हणजे क्यू-गॅमा फल, १८६९ मध्ये टोमे यांनी आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रँक जॅक्सन या इंग्रज धर्मोपदेशकाने मांडलं होतं. शून्य आणि एकच्या मधल्या क्यूसाठी तीही रेघ तशीच एकमेव आहे, हे रिचर्ड अ‍ॅस्की यांनी १९७८ मध्ये दाखवलं. म्हणजे ०.९२१ हा कुणाच्या आवडीनिवडीचा आकडा नाही. तो ठरलेला आहे.

आता शेवटचं दार. 'एन'ला संमिश्र करायचं, म्हणजे रूळ सोडून बाजूला, काल्पनिक दिशेने उंच जायचं.

½ चा घात काल्पनिक संख्येचा असला तर काय होतं? किंमत लहान होत नाही, मोठीही होत नाही. ती एका वर्तुळावर फिरते, घड्याळाच्या काट्यासारखी. घातांक काल्पनिक दिशेने ९.०६ वाढला की काटा पूर्ण फेरा मारून जागेवर येतो. हे ९.०६ म्हणजे दोन पाय भागिले २ चा नैसर्गिक लॉगॅरिथम. क्यू-एन-सी-आरमध्ये 'एन' फक्त घातांकातच आहे, म्हणून काटा जागेवर आला की सगळंच जसंच्या तसं परत! चारातून दोनची किंमत, क्यू ½ असताना, २.१८७५ आहे. चारवरून सरळ वर ९.०६ चढा: पुन्हा २.१८७५. आणखी ९.०६ चढा: पुन्हा तीच.

खारघर-पनवेलचे उंच टॉवर रोज डोळ्यांसमोर असतात. प्रत्येक मजल्याचा नकाशा एकच. क्यू-एन-सी-आरची इमारत हुबेहूब तशी आहे, खाली-वर अनंत मजले, एकच नकाशा. आणि मजल्याची उंची क्यू ठरवतो. क्यू ½ असताना ९.०६. क्यू ०.९ असताना सुमारे ५९.६. क्यू ०.९९ असताना सुमारे ६२५. क्यू १ च्या जवळ जातो तसं छत उंच उंच जातं, आणि क्यू १ झाला की दिसेनासंच होतं. आपण शाळेत शिकतो ती एन-सी-आर म्हणजे छत नाहीसं झालेला तो एकुलता एक मजला! वरच्या मजल्यांची कुणाला कल्पनाही येऊ नये इतके ते दूर गेलेले.

मग मी मजल्याच्या बरोबर मध्यावर थांबून पाहिलं, ४.५३ वर, जिथे काटा अर्ध्या फेऱ्यात असतो. तिथे प्रत्येक घाताचं चिन्ह उलटतं. वर १५/१६ आणि ७/८ होते, त्यांच्या जागी १७/१६ आणि ९/८ आले. खालचा छेद तसाच, ३/८. गुणाकार-भागाकार केला. मला वाटलं होतं, संमिश्र जागी गेलोय, उत्तरही गुंतागुंतीचं येणार. उत्तर आलं ३.१८७५. एक सरळ वास्तव संख्या. आणि खालच्या २.१८७५ पेक्षा बरोबर एकने जास्त! ना कमी ना अधिक, एक. मी तो हिशेब तीन वेळा केला. मग भाच्याला झोपेतून उठवून त्याच्याकडून करून घेतला. चारातून दोनसाठी, क्यू ½ असताना, अर्धा मजला चढलं की एक वाढतो.

रामानुजन यांच्या वह्यांची हुबेहूब आवृत्ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ मध्ये दोन खंडांत छापली. त्यांच्या दुसऱ्या वहीचं सोळावं प्रकरण अशाच क्यूच्या अनंत गुणाकारांनी भरलेलं आहे. ज्याला मी 'उरलेला प्रवास' म्हणाले ते गुणाकार त्यांनी मद्रासच्या दिवसांत, गुरूशिवाय, लिहिले. मी वर्षानुवर्षं ज्या हार्बर लाइनवर फिरते तिच्याच दुसऱ्या टोकाच्या शहरात ते छापले गेले, आणि मला ते आता, चाळिशीनंतर, एका दशांशचिन्हामुळे कळलं. उशीर झाला याचं दुःख नाही. सापडलं, याचा आनंद इतका आहे की तो एकटीने ठेवून घेणं जमत नाही.

मोजून उत्तर आलं की गणित संपलं, असं मी मुलांना नकळत शिकवत आले. आता तसं शिकवणार नाही. सहा हे उत्तर आलं की तिथे गणित सुरू होतं. कुठल्या सहा? फिरवल्या तर किती उरतात? मधल्या जागी काय आहे? वर चढलं तर काय दिसतं? या प्रश्नांसाठी वही, पेन्सिल आणि बारावीपर्यंतची बीजगणिताची सवय पुरते.

म्हणून वाचकांना एक विनंती. आज रात्री चौकटींची वही घ्या. तीन घरं रुंद आणि दोन घरं उंच असा आयत आखा. डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्यात जाणाऱ्या वाटा काढा, त्या दहा निघतील. प्रत्येकीखालचे चौकोन मोजा. शून्य चौकोनांपासून सहापर्यंत वाटांची संख्या १, १, २, २, २, १, १ अशी आली की तुमचा हिशेब बरोबर. मग त्या आकड्यांत क्यू घाला, आणि घरातल्या बारावीच्या मुलाला हाक मारा.